पंचवीस सेकंदांची रिंग

मोडेमच्या तोंडी मोजून सहा-सात शब्द असतात. ओके, एरर, बिझी, नो आन्सर, नो डायलटोन, नो कॅरिअर. तुम्ही काहीही सांगा, तो यातलाच एक शब्द फेकतो आणि गप्प बसतो. का, कशामुळे, पुढे काय, हे विचारायची सोय नाही. मला हे सगळे शब्द झोपेतही दिसतात. बाकीच्या बायकांना स्वप्नात देव दिसतात, साप दिसतात. मला नो कॅरिअर दिसतं. असो. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, पहिल्यांदाच लिहितेय, आणि लिहितानाही हात थांबतोय.

मी मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सोसायटीत कारकून आहे. माझ्याआधी तिथे एक म्हातारे कारकून होते, सुरुवातीला मी त्यांच्या हाताखाली होते. त्यांच्याकडे एक साधा फोन आणि अडतीस होड्यांची यादी होती. रोज दुपारी तीन वाजता ते फोन कानाला लावून एकेका होडीला रिंग द्यायचे, बोटांवर घंट्या मोजायचे आणि कापायचे. मला हसू यायचं. बी.कॉम. झालेली ना मी, दीडशहाणी!

ही रिंग म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्याकडे होडी सुटली की पाठून हाक मारायची नाही. घरी काही विसरलं तरी नाही, पोर तापाने फणफणलं तरी नाही. फोन आले तेव्हा जुन्या तांडेलांनी, म्हणजे होड्यांच्या म्होरक्यांनी, ठरवून टाकलं की फोनवरची हाक हीसुद्धा पाठचीच हाक. म्हणून बोलायचं नाही, नुसती रिंग द्यायची. होडीवर फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. फोन थरथरला की डबा खडखडतो आणि जाळ्यात हात अडकलेल्या माणसालाही कळतं. तीन वाजताची बारकी रिंग, दोन-तीन घंट्यांची, म्हणजे हवा बरी आहे, चालू द्या. लांब रिंग, वाजतच राहणारी, म्हणजे असाल तिथून मागे फिरा. लांब रिंग ऐकणाऱ्याने ती कापायची. कापली म्हणजे समजलं. व्हॉट्सअ‍ॅप वगैरे जमिनीवरचे चोचले. बाहेर खोल पाण्यात त्यातलं काही चालत नाही, रिंग मात्र जाते.

म्हातारे निवृत्त झाले आणि मी चेअरमनांच्या मागे लागून सोसायटीचा लॅपटॉप या कामाला लावला. त्याला एक मोडेम जोडला, काडेपेटीहून थोडा मोठा डबा, आत सिमकार्ड, डोक्यावर बोटभर एरियल. कुडाळच्या कॉम्प्युटरवाल्याने छोटा प्रोग्राम टाकून दिला. यादीतला नंबर लावायचा, रिंग द्यायची, मोडेमने काय म्हटलं ते लिहायचं, पुढचा नंबर. बरोबर चाळीस पानांची झेरॉक्स दिली, सगळी इंग्रजीत. ती मी चार महिने पेजेच्या वाटीबरोबर वाचली. प्रत्येक हुकमाआधी ए टी लिहायचं. ते म्हणजे 'लक्ष दे', आमच्याकडे 'गो, आयकतंस मा?' म्हणतात तसंच. मग हुकूम. होडीवाल्याने रिंग कापली की स्क्रीनवर बिझी यायचं. बिझी म्हणजे होडी फिरली. मला तो शब्द फार आवडायचा.

त्या झेरॉक्समध्ये एस सात नावाच्या एका जागेचं वर्णन होतं. त्या जागेत जो आकडा लिहाल तितके सेकंद मोडेम वाट बघतो, मग फोन ठेवतो आणि नो कॅरिअर म्हणतो. मुळात तिथे साठ होता. रोजच्या बारक्या रिंगेसाठी मी बारा लिहून ठेवला. टेबलावरच्या माझ्या फोनवर करून बघितलं, तीन घंट्या वाजल्या. बरोबर. इशाऱ्यासाठी साठ ठेवला.

मग भाद्रपदात एक खोटा इशारा आला. वादळ येणार म्हणाले, आलं नाही. पण त्या दिवशी मोडेम एकेका नंबरावर साठ साठ सेकंद ताटकळत बसला. होड्या अडतीस. खिडकीत बायकांची ही गर्दी. कोणाचा नवरा, कोणाचा मुलगा, आणि माझा डबा आपला हळूहळू चाललाय. एक म्हातारी ओरडली, "गो, तुजो डबो पेज जेवता काय? वायच बेगीन कर म्हणान सांग तेका!" सगळ्या हसल्या. त्या भीतीतही हसल्या, आणि मला ते झोंबलं. चेअरमनही म्हणाले, "मॅडम, जरा फास्ट होईल का बघा." माझा स्वभाव असा की कोणी हसलं की डोक्यात राख. दुसऱ्या दिवशी दार लावून बसले आणि साठचे पंचवीस केले. टेबलावरच्या फोनवर करून बघितलं. सात घंट्या वाजल्या. सात घंट्या म्हणजे लांबच रिंग झाली की. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी आकडा तसाच ठेवला आणि चहा प्यायला गेले.

माझा दादा तांडेल आहे, मी त्याच्याच घरी राहते. त्याच्या होडीवर दोघेच जायचे, तो आणि वहिनीचा धाकटा भाऊ. दादाच्या मुलांचा मामा, म्हणून सगळी वाडीच त्याला मामा म्हणायची, त्याच्या दुप्पट वयाची माणसंसुद्धा. लग्न केलं नव्हतं. दात पुढे, तोंड सदा उघडं, आणि जगातली कुठलीही गोष्ट त्याला थट्टेची वाटायची. मला तो मॅडम म्हणायचा, तेही अगदी वाकून. वहिनीने त्याला आईमागे वाढवलेला. तिची पोरं नंतर, आधी तो.

दादाची होडी सगळ्यांत लांब जायची. बाहेर खडपाची, म्हणजे पाण्याखालच्या खडकाची, एक जागा त्याला ठाऊक होती, तिथे गळाला सुरमई लागायची, म्हणून पंधरा दिवस तो तिकडेच जात होता. नवरात्राच्या आसपास एका सकाळी मामा सोसायटीत आला, खिडकीच्या गजांना धरून उभा राहिला.

"मॅडम, तुमची रिंग आमका पोचणा नाय हां. पंधरा दिस झाले."

"इतक्या लांब कशाक जातास? रेंज नसतली."

"रेंज आसा! बायची रिंग येता मा दुपारची. बायची येता आणि मॅडमची येणा नाय, ह्या कसा?"

बाय म्हणजे वहिनी. ती रोज दुपारी घरून एक रिंग द्यायची, सगळं ठीक आहे म्हणून. मी म्हटलं, "तुज्या बायचो फोन महागाचो आसा, सोसायटीचो गरीब. आता जा, माका काम आसा." तो हसत गेला. जाताना त्याने मोडेमकडे बघून हात जोडले.

त्याच वेळी मी विचार करायला हवा होता. वहिनीची रिंग पोचते आणि माझी का पोचत नाही? एवढा साधा प्रश्न. शेंबड्या पोरालाही पडला असता. पण त्याने माझ्या डब्याची थट्टा केली होती ना, मग मी कशाला विचार करू!

त्यानंतर आठवड्याने तो दिवस आला. सकाळपासून पान हलत नव्हतं. समुद्राकडे बघवत नव्हतं इतका तो गुळगुळीत होता, आणि त्याचा वास बदलला होता, चिखलाचा येतो तसा. दुपारी जेवायला घरी गेले तर वहिनीने वाळत घातलेली सुकी मासळी उचलायला घेतली होती. आकाशात ढग नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "काय म्हाईत नाय गो. माका बरा दिसणा नाय." कुत्री वाळूवरून उठून देवळाच्या पायऱ्यांवर येऊन बसली होती. मी जेवण अर्धं टाकून सोसायटीत परत आले.

पावणेतीनला बंदरावरून फोन आला. तीन नंबरचा धोक्याचा बावटा चढवलाय, संध्याकाळपर्यंत दक्षिणेकडून जोराचा वारा येतोय, होड्या बोलवा. हा खोटा नव्हता. सांगणाऱ्याच्या आवाजावरूनच कळलं. मी मोडेमला पंचवीसचा हुकूम दिला. तो ओके म्हणाला. यादी सुरू झाली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजत होते.

बिझी. बिझी. बिझी. एकामागून एक होड्या रिंग कापत होत्या, म्हणजे फिरत होत्या. खिडकीत बायका जमल्या. मी प्रत्येक बिझीला मोठ्याने होडीचं नाव सांगायचे आणि एकेक बाई 'देवा रे' म्हणून बाजूला व्हायची. दहा-बारा मिनिटांत यादी संपली. त्या दिवशी कोणी हसलं नाही. एकीने तर माझा हात धरला. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी अभिमान वाटला.

तीन होड्यांना नो कॅरिअर आलं. त्यातली एक दादाची. मी त्या तिघींना पुन्हा लावलं. पुन्हा नो कॅरिअर. वहिनी खिडकीत येऊन उभी होती. माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "रेंज नाय मिळणा. आकाश बघून फिरतले. दादा काय खुळो नाय." रजिस्टरात तीन नंबरांपुढे लिहिलं, रेंज नाही, आणि वेळ टाकली. मग वहिनीने स्वतःच्या फोनवरून लावून बघितलं. पण तोवर वारा सुटला होता, आणि खरोखरच काही लागेनासं झालं. आमच्या इथला टॉवर वाऱ्यात नेहमीच मान टाकतो.

पाच वाजेपर्यंत होड्या येत राहिल्या. नो कॅरिअरवाल्या तिघींतल्या दोन आल्या. एकाचा फोन घरीच राहिला होता, दुसऱ्याचा बंद पडला होता. दोघेही आभाळ बघून फिरले. धक्क्यावर आता उभं राहवत नव्हतं, वाळू तोंडावर मारत होती. माणसं होड्या वर ओढत होती. दादाच्या होडीची जागा रिकामी होती. वहिनी त्या जागेवर उभी राहिली, पदर कमरेला खोचून, जणू होडी आली की लगेच हात लावायचा आहे. तिला तिथून हलवायला आम्ही चौघी लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका ट्रॉलरने दादाला उचललं आणि आचऱ्याला आणून सोडलं. डिझेलच्या रिकाम्या कॅनला धरून होता. हात उघडत नव्हते, बोटं एकेक करून सोडवावी लागली. मामा तिसऱ्या दिवशी तळाशीलच्या किनाऱ्याला लागला. ते मी लिहिणार नाही.

दादा पाच दिवस बोलला नाही. सहाव्या दिवशी मी त्याला पेज भरवत होते. घरात आम्ही दोघंच होतो, वहिनी विहिरीवर गेली होती. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तुजी रिंग इली होती."

मला वाटलं, ताप डोक्यात गेला. म्हटलं, "नाय रे दादा. नो कॅरिअर इला. रेंज नव्हती."

"इली. तीन वाजता. बारकी."

मी चमचा वाटीत ठेवला.

"दोन घंट्यो वाजल्यो नि थांबली. मगे थोड्या वेळान परत दोन. मामा हसाक लागलो. म्हणालो, बघ, इतक्या दिसांनी इली मॅडमची रिंग. आज खूश आसत, दोनदोनदा सांगतत सगळा बरा आसा म्हणान." दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग म्हणाला, "माका आभाळ आवडला नव्हता. मी फिरतलंय म्हणत होतंय. तुजी रिंग इली म्हणान रवलंव."

मी वाटी खाली ठेवली आणि उठून सरळ सोसायटीत गेले. रविवार होता, कुलूप उघडून आत बसले. झेरॉक्स काढली. एस सातच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं, इंग्रजी कच्चं असलेल्यालाही कळेल असं. नंबर लावून झाल्यापासून सेकंद मोजायचे. नंबर लावून झाल्यापासून. घंटा वाजू लागल्यापासून नव्हे. टेबलावरचा फोन टॉवरच्या बुडाशी, त्याला दोन-चार सेकंदांत शोधलं जातं आणि उरलेले वीस सेकंद तो वाजत राहतो. जवळच्या होड्यांचंही तेच. पण लांब खडपावर, जिथे रेंज जेमतेम लागते, तिथला फोन सापडायलाच पंधरा-अठरा सेकंद जातात. मग दोन घंट्या होतात आणि माझे पंचवीस संपतात. रोजची बारा सेकंदांची रिंग तिथे कधी पोचलीच नव्हती. वहिनी पलीकडे घंटा वाजेपर्यंत फोन कानाला धरायची, म्हणून तिची पोचायची; मामा खरं सांगत होता. आणि इशारा पोचला तो बरोबर 'सगळं बरं आहे' होऊन. जे जवळ होते, ज्यांना फारसा धोका नव्हता, त्यांना लांब ऐकू गेला. जे सगळ्यांत लांब होते त्यांना मी सांगितलं की राहा. म्हातारे कारकून कानाला फोन लावून घंट्या मोजायचे, सेकंद नाही. त्यांना मी हसत होते!

मी पंचवीसचे साठ केले. मोडेम ओके म्हणाला. मला तो उचलून भिंतीवर आपटावासा वाटला. पण त्याने काय केलं होतं? त्याने माझं ऐकलं होतं.

घरी आले तेव्हा दादा उठून बसला होता. माझं तोंड बघून त्याला कळलं. मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "ह्या तिका सांगू नको. भाव गेलो, आता नणंद पण जायत. मगे ती जगात कोणाच्या तोंडाकडे बघतली?" मी त्याला वचन दिलं नाही. पण सांगितलंही नाही. बाराव्यापर्यंत सांगेन म्हटलं, बारावं झालं. महिन्याने सांगेन म्हटलं. आम्ही दोघी एकाच चुलीवर जेवतो. ती माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढायची आणि मी तो पोरांच्या ताटात सरकवायचे.

वाडीत कुजबुज होतीच. एक बाई पाणवठ्यावर म्हणाली की सगळ्यांक रिंग गेली, हिच्या घरच्यांकच कशी नाय? वहिनी घागर खाली ठेवून तिच्यावर धावून गेली. "माज्या नणंदेन दोनदा लावल्यान. माज्या डोळ्यांदेखत! रेंज नाय तर ती काय वाऱ्यावर बसान जायत? परत बोललंस तर बघ." मी तिथेच होते. माझी घागर भरून वाहत होती.

नंतर तालुक्याहून एक साहेब जबाब घ्यायला घरी आले. वादळात गेलेल्या माणसाचे कागद पुरे करायचे होते. सोसायटीचं रजिस्टर त्यांनी मला आणायला सांगितलं होतं. पडवीत दादा बसला होता, वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. साहेबांनी ते पान उघडलं आणि वहिनीपुढे केलं. ती म्हणाली, "चष्मो नाय माजो. तू वाच गो, काय लिवलाहा ता."

मी पान जवळ ओढलं. मग वाचलं. होडीचा नंबर, वेळ तीन वाजून आठ मिनिटं, रेंज नाही. दुसऱ्यांदा लावलं, रेंज नाही.

"म्हणजे तेका कळाकच नाय?"

दादाने मान खाली घातली. मी त्या ओळीवर बोट धरून उभी राहिले.

वहिनी चौकटीवरून सरकत खाली बसली. "रेंज नाय म्हणान मी लोकांक सांगी, पण मनात वाटत होता, तू माका बरा वाटाचा म्हणान तसा सांगतंस, तुजी रिंग आयकान पण तो ऱ्हवलो. आणखी एक सुरमय, आणखी एक, असो हावरो होतो तो. तुज्या दादाकय धरून ठेवल्यान असतला." ती रडत होती आणि हसतही होती. "इतके दिस मी तेच्यावर रागान आसंय गो. तेच्या फोटोक मी हार घालूक नाय. एकदाव नाय. बापडो माजो. तेका ठावकच नव्हता."

ती उठली. मागीलदारी अबोलीची झाडं आहेत, तिकडे गेली. फुलं खुडताना ती त्याच्याशी बोलत होती, लहानपणी बोलायची तशी, ते पडवीपर्यंत ऐकू येत होतं.

साहेबांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. म्हणाले, "नोंद तुमच्याच हातची ना? मग बरोबर आहे म्हणून खाली सही करा."

मी दादाकडे बघितलं. तो मागच्या दाराकडे बघत होता.

मी सही केली.